जपानचा उन्हाळा आणि आईचे नव्वद दिवस



नोकरीच्या निमित्ताने आम्ही गेली काही वर्षे जपानची राजधानी तोक्यो येथे राहतो. शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा विभाग आहे. तेथील निशी-कासाई भागात सन २००० च्या आसपासपासून संगणकाचे काम करणारी भारतीय कुटुंबे वस्ती करून आहेत. आम्हीही त्यातलेच. दोन खोल्या, एक चिमुकले स्वयंपाकघर, थोरला मुलगा पाचवीत आणि धाकटी मुलगी पहिलीत. दोघेही तेथल्या सरकारी शाळेत जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईहून आमची आई आली. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा परवाना मिळतो. त्या नव्वद दिवसांत शाळेचे सोहळे, पाहुणे आणि प्रवास यांची अशी काही गर्दी उडाली की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. वाचक बंधू-भगिनींना त्यातले काही सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आई वरळीच्या बीडीडी चाळीतली. तीस वर्षे तिने रस्ता झाडण्याची नोकरी केली आणि त्याच पगारावर आम्हाला शिकवले. जपानशी तिची ओळख एवढीच की वरळीला एक जपानी बुद्धमंदिर आहे आणि पहाटे कामावर जाताना तिथल्या ढोलाचा आवाज तिच्या कानी पडे. २० मे रोजी ती विमानतळावर उतरली ती पिशवीत कोकम, मसाला आणि चाळीतल्या बायकांचे निरोप घेऊन. घरात आल्यावर पाणीसुद्धा न पिता तिने भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारले, "बाबासाहेब कुठं आहेत?"

बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो आमच्या झोपण्याच्या खोलीत होता. आम्ही सांगितले की भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. ते खरेच आहे, खिळ्याच्या भोकाचे पैसे कापून घेतात. आई म्हणाली, "मग आतल्या खोलीत खिळा कसा चालला?" तिथेही खिळा नव्हता, कपाटावर टेकवून ठेवला होता. आम्ही गप्प बसलो. आईही पुढे काही बोलली नाही.

पाचव्याच दिवशी शाळेचा उंदोकाई होता. उंदोकाई म्हणजे क्रीडामहोत्सव. आपल्याकडे वार्षिक स्नेहसंमेलनाला जसे सारे घर लोटते तसे इथे उंदोकाईला लोटते. सकाळी लवकर जाऊन मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून जागा धरायची. सर्व शाळेचे दोनच गट, लाल आणि पांढरा. टोपी एकच, उलटी केली की रंग बदलतो. थोरला लाल, धाकटी पांढऱ्यात. आईने सगळे मैदान न्याहाळून विचारले, "निळी टोपी नाही का कुठं?"

पहिलीच्या मुलांचा खेळ उंच खांबावरच्या टोपलीत कापडी चेंडू फेकण्याचा. शिटी झाली की शंभरेक पोरे एकदम तुटून पडतात. निम्मे चेंडू एकमेकांच्या डोक्यावर. नंतर दोन्ही टोपल्यांतले चेंडू एकेक करून हवेत उडवत सारे मैदान मोठ्याने मोजते, इचि, नी, सान... ज्या टोपलीतले आधी संपतील ती हरली. चौथ्या आकड्यापासून आईही ओरडू लागली. धाकटीचा गट हरला आणि ती रडत आली. थोरला दौडीत दुसरा आला, पण आपली बहीण ज्या गटात तो हरल्याचा आनंद त्याला अधिक झालेला दिसला. सरतेशेवटी ध्वनिक्षेपकावरून विनंती झाली, पालकांनी आवराआवरीला हातभार लावावा. तंबू उतरवणारे, खुर्च्या उचलणारे, मैदानातले कागद वेचणारे सारे आईबापच. आई बारकाईने पाहत होती. "यांच्याकडे शिपाई नाहीत?" एवढेच तिने विचारले.

जूनमध्ये इकडे पाऊस लागतो. आपल्या कोकणासारखा धो धो नाही, नुसती पिरपिर. त्या दिवसांत भारतीय कुटुंबांच्या घरी एकमेकांकडे जेवणे होत असतात. अशाच एका घरी आम्ही आईला घेऊन गेलो. दहाबारा कुटुंबे होती, बहुतेक मराठी. पोहे झाले, चहा झाला. एका बाईंनी आईजवळ सरकून विचारले, "मुंबईत कुठं राहता?" आई म्हणाली, "वरळीला." "वरळी सीफेसला का?" "नाही, बीडीडी चाळीत." बाई थोडे थांबल्या. "मिस्टर काय करायचे?" आई म्हणाली, "ते गिरणीत. मी झाडू खात्यात. आम्ही बौद्ध."

खोलीत कोणी काही वाईट बोलले नाही. फक्त गप्पा जरा बारीक झाल्या आणि मग कोणीतरी भारतातल्या जागांच्या भावाचा विषय काढला. आम्हा दोघांची स्थिती काय सांगावी! इतकी वर्षे त्या मंडळींत वावरताना आम्ही खोटे कधी बोललो नव्हतो, पण विचारल्यावाचून खरेही सांगितले नव्हते. आमचे आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे कोणाला अंदाज येत नसे. आम्हाला ते सोयीचे वाटत असे, हे इथे कबूल केले पाहिजे.

निघताना आई स्वयंपाकघरात पेला ठेवायला गेली. तिथे मराठवाड्यातली एक तरुण सून भांडी विसळत होती. तिने दाराकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जयभीम, आई." त्या मुलीला आम्ही तीन वर्षे ओळखत होतो. तिलाही आमच्याबद्दल माहीत नव्हते आणि आम्हालाही तिच्याबद्दल. पुढच्या रविवारी ती नवरा आणि लेकीसह आमच्या घरी आली ती मग दर रविवारी येऊ लागली. पहिल्या घरचे बोलावणे मात्र त्यानंतर आले नाही. कदाचित जागा कमी पडत असेल.

त्या रात्री फोटो बाहेरच्या खोलीत आला. खिळा नको म्हणून पुस्तकांच्या फळीवर मधोमध ठेवला. हे काम आम्ही केले, आईने फक्त काच पुसून दिली.

जूनच्या अखेरीस शाळेत पालकांनी वर्ग पाहायला यायचा दिवस असतो. चपला दारात काढायच्या, घरून आणलेल्या सपाता घालायच्या आणि वर्गाच्या मागे उभे राहायचे. जेवणही वर्गातच होते. मुलेच पांढरे डगले आणि टोप्या घालून मोठ्या भांड्यांतून सर्वांना वाढतात. सर्वांना एकच अन्न, शिक्षकही तेच खातात. आईला हे फार आवडले. जेवण झाले आणि संगीत वाजू लागले. बघता बघता मुलांनी बाके एका बाजूला सारली, डोक्याला रुमाल बांधले, कोणी केरसुणी घेतली, कोणी ओणवे होऊन ओले फडके दोन्ही हातांनी ढकलीत जमीन पुसू लागले. याला सोजी म्हणतात, म्हणजे साफसफाई. रोज वीसेक मिनिटे. त्यासाठी घरून शिवलेले फडके द्यावे लागते. आम्ही ते एप्रिलमध्येच दिले होते आणि आईला याची कल्पना द्यायला विसरलो होतो.

थोरला ब्रश आणि बादली घेऊन शौचालयाकडे निघाला होता. आईने ते पाहिले. आम्ही काही म्हणायच्या आत ती पुढे गेली आणि तिने त्याच्या हातातला ब्रश धरला. "हे काम याला कोणी लावलं?" मराठीतच, पण सारा व्हरांडा थांबला. मुलगा लाजेने लाल झाला. "आजी, सोड ना, आज माझी पाळी आहे." वर्गशिक्षिका धावत आल्या. आम्ही माफी मागत वाकत होतो, त्याही वाकत होत्या. मग त्यांनी आईला वर्गात नेले आणि भिंतीवरचे पुठ्ठ्याचे चक्र दाखवले. आत एक चक्र, बाहेर एक. एकावर मुलांचे गट, दुसऱ्यावर कामे. दर आठवड्याला चक्र एक घर फिरवायचे. वर्ग, जिना, व्हरांडा, शौचालय. जो गट आज शौचालयात तो पुढच्या आठवड्यात जिन्यावर.

आई त्या चक्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "नावं वाच." आम्ही वाचली. सगळी वाचून झाल्यावर तिने विचारले, "यात परदेशी पोरं किती?" आमचा एकटाच. "आणि मोठ्या घरची?" डॉक्टरचा मुलगा होता, दुकानदाराची मुलगी होती. आम्ही बोट ठेवून दाखवले. तिने ब्रश मुलाच्या हातात परत दिला. जाताना फाटकापाशी एक वयस्कर गृहस्थ पाने झाडीत होते. ते मुख्याध्यापक आहेत हे सांगितले तर तिचा विश्वास बसेना.

रात्री मुले झोपल्यावर ती बोलली. ती कोकणात, मंडणगड तालुक्यात तिसरीपर्यंत शिकली. शाळा रोज झाडायची आणि सारवायची ती आमच्या वाडीतल्या पोरींनीच. झाडून झाले की बाहेर बसायचे. शाळेत झाडले, पुढे मुंबईत येऊन रस्ता झाडला. "तिथं आळीपाळी नव्हती," ती म्हणाली. "आम्हीच होतो." तिची इच्छा होती की तिच्या नातवाने आयुष्यात झाडू हाती धरू नये. आता यावर काय म्हणावे ते तिला त्या रात्री ठरवता आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने शाळेसाठी आणखी एक फडके शिवले. आपल्या जुन्या लुगड्याचे, काठासकट.

७ जुलैला तानाबाता असतो. आकाशातले दोन तारे, विणकर मुलगी आणि गुराखी, वर्षातून एकदाच भेटतात अशी कथा आहे. शाळेत बांबूची डहाळी उभी करतात आणि रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून टांगतात. धाकटीने मांजर मागितले. घरच्यांसाठीही पट्ट्या दिल्या होत्या. आईने आधी खात्री करून घेतली, "हा नवस तर नाही? नवस असेल तर मी लिहिणार नाही." नवस नाही म्हटल्यावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले. पाऊस वेळेवर पडू दे, पण चाळीच्या तळमजल्यात पाणी शिरू नको दे. शिक्षिकेने अर्थ विचारला. आम्ही सांगितल्यावर तिने पट्टी सर्वांत वरच्या फांदीला बांधली.

याच सुमारास पाहुण्यांची रीघ लागली. पुण्याचे मित्र सहकुटुंब चार दिवस आले. आठ माणसे आणि एक न्हाणीघर! इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळे, बाटल्या वेगळ्या. मित्राने सारे एकाच पिशवीत कोंबून ठेवले आणि ती पिशवी लाल चिठ्ठी लावून जागच्या जागी परत मिळाली. आईने ती उघडून, वेगळी करून, वारानुसार ठेवली. तीस वर्षांचा अनुभव आहे, ती म्हणाली, असे लोक असते तर माझी कंबर शाबूत राहिली असती. तिला इथल्या बाजाराचेही कौतुक. निबोशी नावाची वाळवलेली मासळी मिळते, अगदी आपल्या सुकटीसारखी. तिने ती कांद्यावर परतली आणि पुणेकरांनी भाकरीवाचून भातावर संपवली. मित्रांबरोबर कामाकुराला गेलो. तेराव्या शतकातली तिथली ब्राँझची भव्य बुद्धमूर्ती उघड्या आकाशाखाली बसलेली आहे. वरचे मंदिर कधीच वाहून गेले, मूर्ती राहिली. आईने तिथे पंचशील म्हटले.

ओसाकाहून एक मराठी संशोधक मित्र दोन रात्री राहायला आला. आई त्याला म्हणाली, "या देशात जात नाही, हे बरं आहे." तो हसला नाही. त्याने सांगितलेली हकीकत आपल्या वाचकांनीही ऐकण्याजोगी आहे. जपानमध्येही कातडे कमावणारे, जनावरे कापणारे असे लोक शतकानुशतके वेगळ्या वस्तीत ठेवलेले होते. त्यांना बुराकुमिन म्हणतात. बुराकु म्हणजे वस्ती. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने भेद संपवला, पण लग्नात आणि नोकरीत तो चालूच राहिला. चेहरा, भाषा, धर्म सारे एकच. मग ओळखायचे कसे? मूळ पत्त्यावरून. अशा वस्त्यांच्या पत्त्यांची पुस्तके गुपचूप विकली जात आणि मोठमोठ्या कंपन्या ती घेत, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे आपली संघटना उभारली, तिचे नाव सुइहेइशा. सुइ म्हणजे पाणी, हेइ म्हणजे सपाट. पाण्याच्या पृष्ठभागासारखे सारे एका पातळीवर. त्यानंतर पाचच वर्षांनी आपल्याकडे महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इथंही विचारतात. आपल्याकडं आडनाव, इथं पत्ता." शाळेतल्या चक्राचे कौतुक तिने मागे घेतले नाही. पण तेव्हापासून "या देशात" असे म्हणून ती वाक्य सुरू करीनाशी झाली.

२० जुलैच्या सुमारास शाळेला सुट्टी लागते. सुट्टी कसली, अभ्यासाचा डोंगरच. रोजची चित्रमय दैनंदिनी लिहायची. पहिलीच्या मुलांनी शाळेत लावलेली निळ्या-जांभळ्या फुलांची वेल कुंडीसकट घरी आणायची आणि तिची फुले मोजायची. पहाटे साडेसहाला जवळच्या बागेत रेडिओवरच्या संगीतावर कवायत असते. ही प्रथा १९२८ पासूनची. हजेरीला गळ्यातल्या कार्डावर शिक्का मिळतो. आईला उठवावे लागत नसे. तीच मुलांना उठवून नेई आणि आपल्यासाठीही तिने एक कार्ड मागून घेतले.

सुट्टीत आम्ही कोयासानला गेलो. मराठवाड्याचे कुटुंबही बरोबर होते. शिनकानसेन गाडीने ओसाकापर्यंत अडीच तास लागतात आणि माणशी सुमारे चौदा हजार येन. मुलांना निम्मे असले तरी खिसा हलका होतो. पुढे डोंगरात जाणारी गाडी, मग दोरावर ओढली जाणारी केबल कार, मग बस. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे विहारांचे गाव आहे. कूकाई या भिक्षूने सन ८१६ मध्ये ते वसवायला घेतले. तोक्यो भाजून निघत होते आणि इथे रात्री रजई लागली.

बसचा पहिलाच थांबा न्योनिन्दो. म्हणजे स्त्रियांचे सभागृह. हजार वर्षे या डोंगरावर बाईला प्रवेश नव्हता. बायकांनी इथपर्यंत यायचे आणि बाहेरूनच हात जोडायचे. डोंगराच्या कडेकडेने त्या फेरी घालीत, ती वाट अजून आहे. १८७२ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. बुद्धाच्या नावाच्या डोंगरावर हे कसे, असे आमची मराठवाड्याची मैत्रीण विचारीत राहिली. आईला त्याचे नवल वाटले नाही. काळाराम मंदिराच्या दारात तिची आजी बसली होती की नाही हे तिला ठाऊक नाही, पण दाराबाहेर बसणे तिला नवे नव्हते. ती उतरली, त्या सभागृहात जाऊन आली आणि पुन्हा बसमध्ये बसून पुढे गेली.

इतरही काही गोष्टी आम्हाला पटल्या नाहीत, त्या लपवण्यात अर्थ नाही. इथले अनेक भिक्षू लग्न करतात. मंदिरांत बेन्झाइतेन म्हणून सरस्वती बसलेली आढळते. कूकाई अजून समाधीत जिवंत आहेत असे मानून त्यांना रोज दोनदा जेवण नेले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे जड जाते. आईने मात्र विहारातले तिळाचे तोफू दोनदा मागून घेतले आणि पहाटेच्या वंदनेला सर्वांत पुढे बसली.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेबांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. नागपूरच्या वाचकांना सुरेई ससाई भन्तेजींची ओळख करून द्यायला नको. त्यांच्यासारखा जपानी माणूस आपल्याकडे येऊन राहिला आणि बाबासाहेब इकडे या डोंगरावर आले. आईने पदर सावरला. फुले आणायची राहून गेली होती. धाकटीने घरातल्या वेलीची चार सुकलेली फुले दैनंदिनीत चिकटवायला ठेवली होती, ती तिने काढून दिली. आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील म्हटले. मराठवाड्याच्या मैत्रिणीने नंतर मोठ्याने "जयभीम" म्हटले, इतक्या मोठ्याने की वाटेने जाणारा एक विद्यार्थी थांबला आणि कमरेत वाकला. आम्हीही वाकलो.

ऑगस्टमध्ये वस्तीत बोन-ओदोरी झाले. मध्ये लाकडी मचाण, त्यावर ढोल आणि भोवती रिंगण धरून नाच. मूळ कथा महामोग्गलान थेरांची, त्यांनी आपल्या मृत आईची यातनेतून सुटका केली अशी. आईने स्पष्ट सांगितले, "भूतप्रेत मी मानत नाही, पण नाचायला हरकत नाही." रिंगणातल्या म्हाताऱ्यांनी तिला हात धरून आत ओढले. दोन फेऱ्यांत तिने पावले उचलली. ढोलाचा ठेका वरळीच्या मंदिरासारखा नाही, असा तिचा अभिप्राय पडला.

१६ ऑगस्टला ती गेली. सामानात वेलीचे बी, कवायतीचे शिक्के पडलेले कार्ड आणि निबोशीची दोन पाकिटे. महिन्याने तिचा फोन आला की शाळेतल्या त्या चक्राचा फोटो पाठवा. तोवर चाळीतल्या विहाराची साफसफाई नेहमीच्या चार बायका करीत असत. आईने पुठ्ठा कापून चक्र केले आणि त्यावर सर्वांची नावे लिहवून घेतली, पुरुषांचीही.

आम्ही विचारले, पहिल्या रविवारी पाळी कोणाची होती? म्हणाली, "अध्यक्षांची."

"आले का?"

"आले की. पण बायकोला घेऊन आले. तिला मी बसायला खुर्ची दिली."